दाराशी टेकवलेलं सूप

‘चूल दाखवा,’ मी म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या नरसूबाई येमूल यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पॅडकडे. मग मान मागे वळवून आत कुणाला तरी म्हणाल्या, ‘ऐकलं का गं? लोक मुलगी बघायला येतात. ही पोरगी चूल बघायला आलीय.’

आतून तीन बायका एकदम हसल्या.

‘चूल म्हणजे स्वयंपाकाचं कुठलंही साधन,’ मी खुलासा केला. ‘स्टोव्ह, शेगडी, गॅस, काहीही. माझ्या कागदावर तसं दिलंय.’

‘मग आत ये की. तुझ्या कागदाला ऊन लागंल.’

सोलापूरचा एप्रिल होता. पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या जुन्या वस्तीत, समोरासमोर दारं असलेल्या एका गल्लीत मी सकाळपासून हिंडत होते. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते आणि प्रयोगशाळेत जागा न मिळाल्यामुळे पुण्यातल्या एका समितीत सहायक म्हणून लागले होते.

समितीचं काम सांगायला सोपं होतं. सरकारच्या एका खात्याने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी दरमहा मदतीची नवी योजना आखली होती आणि तिच्या नियमांचा मसुदा तयार केला होता. तो पक्का होण्याआधी खात्याबाहेरच्या तीन माणसांनी तपासायचा, असं ठरलेलं होतं. मदत द्यावी की नाही, हे समितीने बघायचं नव्हतं. नियम कागदावर जे म्हणतो ते प्रत्यक्षात कुणावर कसं पडेल, एवढंच बघायचं. अध्यक्ष हर्डीकर बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. बाकीचे दोन सदस्य बैठकीपुरते येत. रोजच्या रोज ऑफिसात असायची ती मी, आणि एक टेबलफॅन.

मसुद्यातला सातवा नियम असा होता : ‘जिची चूल अन्य व्यक्तीसोबत सामाईक आहे, ती स्त्री एकटी राहते असे समजले जाणार नाही.’ त्यामागचं कारण चुकीचं नव्हतं. मुलगा-सुनेजवळ राहायचं आणि कागदावर मात्र एकटी, अशी काही नावं खात्याला आढळली होती. मला तर तो नियम आवडलाच होता. ‘एकटी’ हा शब्द मोजता येत नाही, चूल मोजता येते.

नरसूबाईंच्या खोलीत एक वातीचा स्टोव्ह होता. तो पेटलेला होता. त्याच्याभोवती चौघी बसल्या होत्या. नरसूबाई या घरच्या. पोशव्वा चिप्पा आणि राजूबाई म्याकल समोरच्या दोन दारांच्या. आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अंबूबाई बुरा, ज्यांना आता दोन्ही डोळ्यांनी उजेड तेवढा कळत होता. चौघींनीही आयुष्यभर विड्या वळल्या होत्या. आता कुणाची नजर गेली होती, कुणाच्या बोटांना दोरा पेलत नव्हता. चौघींनाही नवरे नव्हते. मुलं कुणाला नव्हती, कुणाला होती तर ती लांब होती आणि येत नव्हती.

‘तुमची चूल कुठली?’ मी पोशव्वांना विचारलं.

‘आज हीच की.’

‘आज म्हणजे?’

‘काल राजूची होती. उद्या माझी.’ त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. ‘सूप बघितलं नाहीस का येताना?’

पाहिलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं. दाराबाहेर चौकटीला एक जुनं सूप टेकवून ठेवलं होतं. विड्या वळताना पानं आणि तंबाखू ठेवायला मांडीवर घेतात तसलं, कडा काळ्या पडलेलं. ज्या घरी त्या दिवशीचा स्वयंपाक, त्या दाराशी ते सूप. अंबूबाई भिंतीला हात लावत गल्लीतून येत आणि हाताला सूप लागलं की त्या दारात शिरत. चौघींच्या चार खोल्या होत्या, पण स्टोव्ह दिवसाला एकच पेटायचा. अंबूबाईंची पाळी बाकीच्या तिघी वाटून घ्यायच्या.

मी पॅडवर लिहिलं : व्यक्ती चार, साधने तीन, एका वेळी वापरात एक. मग थांबले. छापील रकान्यात हे बसत नव्हतं.

‘लिहिणं झालं का?’ नरसूबाई म्हणाल्या. ‘मग हात धू.’

‘नको, मी लॉजवर जेवते.’

‘लॉजवर कोण हाय तुझं?’

मी हात धुतले.

पुंडीची भाजी होती, म्हणजे आपली अंबाडी, आणि ज्वारीची भाकरी. मधे एक मोठी परात, तीत भाजी, आणि सगळ्यांचे हात त्याच परातीत. नरसूबाईंच्या डाव्या हाताला अंबूबाई बसत. नरसूबाई भाकरीचा तुकडा मोडायच्या, भाजीत बुडवायच्या आणि न बघता डावीकडे धरायच्या. अंबूबाईंचा हात तिथे आलेलाच असायचा. बोलणं चालू असताना हे चाललेलं असे. त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

‘मीठ कुठाय?’ राजूबाई म्हणाल्या. ‘नरसू, तू मीठ काय औषधासारखं घालतीस काय?’

‘तुझी जीभ मेलीय. तंबाखूच्या धुळीनं.’

‘तुझी पण त्याच धुळीत गेली की. मग तुला कसं कळतंय बरोबर हाय ते?’

‘मला कुठं कळतंय? अंदाजानं घालते.’

पुन्हा सगळ्या हसल्या. मीठ खरंच कमी होतं. मी ते सांगितलं, तेव्हा राजूबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘बघ! शिकलेली साक्षीदार हाय.’

त्यानंतर चार दिवस मी रोज गेले. कामासाठी इतर गल्ल्याही होत्या, तिथे सकाळी जायचे. पण दुपारी सूप कुठल्या दाराशी आहे ते बघत त्या गल्लीत वळायचे. नोंदी घ्यायच्या म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. पुण्यात मी एका घरातल्या मागच्या खोलीत पैसे देऊन राहत होते. डबा यायचा. तो उघडून, भिंतीकडे तोंड करून, वर्तमानपत्र वाचत मी जेवायचे. आई-वडील नांदेडला होते, फोन रविवारी. दोन वर्षांत माझ्या ताटात न विचारता कुणी काही वाढलं नव्हतं. ते मला त्या परातीशी बसेपर्यंत कळलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी पोशव्वांनी माझी बसायची जागा ठरवून टाकली. ‘तू तिथं, स्टोव्हकडं पाठ करून. तुझी पाठ तरणी हाय, तिला सोसंल.’

त्या दिवशी नोंदवही वाचताना माझ्या लक्षात आलं, की आपण चार दिवस या बायकांचं जेवण लिहून घेतोय आणि ते कशासाठी, हे त्यांना सांगितलेलंच नाही. ‘सरकारी योजनेची माहिती’ एवढंच म्हणाले होते. पुण्याहून निघताना हर्डीकर बाई म्हणाल्या होत्या, ‘त्या कशा राहतात ते नीट बघून लिहून आणा. नियम सांगत बसू नका.’ पण मला ते पटेना. ज्याची नोंद घ्यायची त्याला ती कशासाठी हे माहीत असलं पाहिजे, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बॅगेतून मसुदा काढला. ‘तुम्हाला एक वाचून दाखवायचंय,’ म्हणाले. आणि सातवा नियम शब्दशः वाचला. मग साध्या भाषेत सांगितला. सध्या त्यांना जुन्या योजनेतून जी मदत मिळते ती या नव्या योजनेत मिसळली जाणार, तेव्हा हा नियम त्यांनाही लागेल, हेही सांगितलं. मी काही लपवलं नाही.

राजूबाई परात घासायला घेणार होत्या. ती त्यांनी खाली ठेवली.

‘म्हणजे आमचं बंद?’ पोशव्वांनी विचारलं.

‘नाही, नाही. हा कच्चा मसुदा आहे. अजून काहीच ठरलेलं नाही. उलट आमची समिती हेच बघायला आहे. तुमच्यासारख्यांना हा नियम चुकीचा लागतो, असं आम्ही सांगू शकतो. त्यासाठीच तर मी लिहून घेतेय.’

‘काय लिहिलीस?’ नरसूबाईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. तारीख, दुपारचे साडेबारा, व्यक्ती चार, स्टोव्ह एक, परात एक.

अंबूबाई हाताने चाचपत उठल्या आणि म्हणाल्या, ‘मी जाते गं.’ रोज त्यांना कुणीतरी दारापर्यंत सोडायचं. त्या दिवशी त्या एकट्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी गेले नाही. सोमवारी दुपारी गल्लीत वळले तर सूप कुठल्याच दाराशी नव्हतं.

चारही दारं उघडी होती. इतकी सताड उघडी मी ती आधी पाहिली नव्हती. प्रत्येक दारातून आतला स्टोव्ह दिसेल असा पुढे ओढून ठेवला होता. पोशव्वांच्या स्टोव्हवर भात होता. राजूबाई डाळ ढवळत होत्या. नरसूबाईंच्या स्टोव्हवर एकच भाकरी भाजत होती.

‘बघ,’ नरसूबाई म्हणाल्या. ‘चूल बघायची होती ना तुला? वेगवेगळी हाय. लिही.’

‘अक्का, हे कशाला केलंत? मी सांगितलं ना, अजून काही ठरलेलं नाही.’

‘सरकारात आधी कच्चं लिहितात, मग पक्कं. कच्च्यातच नीट केलेलं बरं.’

‘पण तुम्ही चौघी एकत्र जेवूनसुद्धा एकट्याच आहात, हेच तर मला दाखवायचंय!’

‘कुणाला दाखवतीस?’ त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘तू लहान हायस. कागदावर चौघींची नावं एका ओळीत आली की पुढचा माणूस ओळ बघतो. आमची तोंडं बघायला येत नाही. ते पान फाड.’

‘फाडता येणार नाही.’

‘का?’

‘नोंद आहे ती. झालेली गोष्ट आहे.’

मला हे उत्तर फार बरोबर वाटलं होतं. नरसूबाईंनी भाकरी उलटली.

‘नावं देणार नाही,’ मी म्हणाले. ‘कुणालाच देणार नाही. शपथ.’

‘बरं. मग आता एक कर. इथं जेवायला बसू नको. कुणी बघितलं तर म्हणतील, ही पण त्याच चुलीवरची.’

गल्लीच्या टोकाला अंबूबाईंच्या दारातही एक स्टोव्ह होता. कुणीतरी कुठून तरी जुना आणून, नवी वात घालून, पुसून तो मांडून ठेवला होता. अंबूबाई त्याच्या बाजूला बसून चहात टोस्ट बुडवून खात होत्या.

‘जेवलात का?’ मी विचारलं.

‘हेच की. पेटवायची भीती वाटती गं. पण स्टोव्ह हाय, बघितलीस ना? लिहिलीस ना?’

‘लिहिलं,’ मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला परतले. अहवालात सोलापूरचं प्रकरण मी नावं न देता घातलं : विडी कामगारांच्या वस्तीतल्या चार स्त्रिया, त्यांतली एक अंध, वेगळी घरं, आळीपाळीने एक स्टोव्ह. यातली एकही दुसरीला सांभाळत नाही, चौघी मिळून रॉकेल तेवढं वाचवतात, म्हणून सातवा नियम वगळावा. शेवटच्या दोन दिवसांची नोंद मी घातली नाही. ती विषयाला धरून नाही, असं मी ठरवलं.

दीड महिन्याने खात्याचं उत्तर आलं आणि त्यापाठोपाठ उपसचिव सोनटक्के स्वतः सुनावणीला आले. शांत, टापटीप माणूस होता. माझ्याशीही आदराने बोलला.

‘आम्ही आक्षेप गांभीर्याने घेतला, मॅडम,’ ते हर्डीकर बाईंना म्हणाले. ‘तुमच्या सहायकांनी नावं दिली नाहीत, पण विडी कामगारांची वस्ती, अंध वृद्धा, यावरून गल्ली सापडली. आमचे निरीक्षक जाऊन आले. चौघींच्या चार स्वतंत्र चुली आहेत. पंचनामा जोडलाय.’

त्यांनी कागद पुढे केला. हर्डीकर बाईंनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला. निरीक्षकाचं अक्षर सुबक होतं. शेवटची ओळ अशी होती : ‘शेजारधर्म आहे. तथापि एकमेकींच्या हातचे खात नाही, असे चौघींनी एकमेकींसमक्ष सांगितले.’

‘म्हणजे ज्यांच्यावर हा नियम अन्याय करेल असं तुम्ही म्हणता,’ सोनटक्के म्हणाले, ‘त्या अस्तित्वातच नाहीत. नियम राहू द्यावा, अशी विनंती आहे.’

हर्डीकर बाईंनी चष्मा काढला. ‘ढोणे, तुमची नोंद चुकीची आहे का?’

‘नाही.’

‘पंचनामा खोटा आहे?’

‘नाही.’

‘दोन्ही कसं खरं असेल?’

टेबलफॅन कागदांवरून फिरत होता. बॅगेत ती नोंदवही होती आणि शेवटच्या दोन दिवसांची पानं तिच्यातच होती. ती बाहेर काढली, तर माझी सगळीच पाहणी बाद होण्याची शक्यता होती. न काढली, तर नियम राहणार होता.

मी वही काढली. पाचव्या दिवशी मी काय वाचून दाखवलं ते सांगितलं. सोमवारी काय पाहिलं ते सांगितलं. टोस्टचंही सांगितलं.

‘म्हणजे साक्षीदारांना तुम्हीच आधी पढवलंत,’ सोनटक्के म्हणाले. चिडून नाही, जरा आश्चर्याने. ‘मग तुमच्या नोंदी आम्ही कशा मानायच्या?’

‘पहिल्या चार दिवसांच्या त्याआधीच्या आहेत. तारखा आहेत.’

‘त्या तुम्हीच घातल्यात.’

‘हो.’

हर्डीकर बाईंनी पंचनामा आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली.

‘सोनटक्के, तुमचा नियम अजून लागू झालेला नाही, बरोबर?’

‘बरोबर.’

‘नुसता एकदा वाचून दाखवला. एका मुलीने, जेवण झाल्यावर. तेवढ्यावर चारच्या चार वेगळ्या झाल्या, आणि जिला दिसत नाही तीसुद्धा स्टोव्ह मांडून बसली. तुम्ही म्हणता, अशा बायका अस्तित्वात नाहीत. होत्या ना. या दोन कागदांच्या मधे त्या नाहीशा झाल्या. राज्यभर लागू केल्यावर काय होईल, ते मला आता वेगळं शोधायला नको.’

सोनटक्के गेल्यावर मी वही आवरत होते.

‘नियम सांगू नका, म्हटलं होतं मी,’ बाई म्हणाल्या.

‘हो.’

‘का सांगितलात?’

‘त्यांना न सांगता लिहून घेणं बरोबर वाटलं नाही.’

‘नव्हतंच बरोबर.’ त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. ‘तुमचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण झालं ते तुमच्यामुळे झालं. दोन्ही लक्षात ठेवा.’

समितीने सातवा नियम वगळण्याची शिफारस एकमताने केली. खात्याने ती मान्य केली. पक्क्या नियमांत मसुद्यातला आठवा नियम सातव्या क्रमांकावर आला, आणि आमच्या ऑफिसात त्या दिवशी पेढे आले. पेढे खाणाऱ्या बाई आणि मी, दोघीच होतो.

दसऱ्याच्या आधी मी रजा काढून सोलापूरला गेले. एस.टी.त मला एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा आठवत होती. चमचाभर कोमट पाण्यात थर्मामीटर बुडवला तर काय कळेल, असं विचारलं होतं. पाण्याचं तापमान कळणार नाही, मी म्हणाले होते, कारण थर्मामीटर स्वतःच ते बदलतो. मला त्या उत्तराचे पूर्ण गुण मिळाले होते.

गल्लीत शिरले तेव्हा दारं लोटलेली होती. टोकाच्या दाराला कुलूप होतं.

‘भिवंडीला गेली,’ नरसूबाई म्हणाल्या. ‘भाची येऊन घेऊन गेली. एकदा स्टोव्ह पेटवायला गेली आणि पदराला लागलं. फार नाही भाजलं. पण भाची म्हणाली, आता नको.’

‘तिथं बरं आहे का त्यांना?’

‘खोलीत कापडाचा लूम हाय म्हणती. आवाजात कुणी बोललेलं कळत नाही.’

मी बॅगेतून पक्क्या नियमांची प्रत काढली. सातवा नियम काढून टाकल्याचं सांगितलं. आता कुणी चूल बघायला येणार नाही, एकत्र जेवलात तरी मदत बंद होणार नाही, हे तीन-तीनदा सांगितलं. नरसूबाईंनी कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं.

‘शिक्का हाय,’ त्या म्हणाल्या.

‘हो. पक्कं आहे.’

‘चांगलं केलीस पोरी.’ त्या खरंच खूश झाल्या होत्या. मग म्हणाल्या, ‘आता आमचंच अडलंय.’

‘काय अडलंय?’

‘तो चूल तपासणारा साहेब आला होता ना. ठरवूनच बोललो आम्ही. आदल्या दिवशी या ओट्यावर बसून ठरवलं, कुणी काय म्हणायचं. पोशव्वाला जमंना, तर तिला मीच दहा वेळा शिकवलं. म्हण, नरसूबाईच्या हातचं मी खात नाही. हसत होतो आम्ही. मग साहेबासमोर ती ते म्हणाली. माझ्याकडं न बघता. मग मी म्हणाले, पोशव्वाच्या हातचं खात नाही. त्याला नीट ऐकू आलं नाही. तो म्हणाला, काय म्हणालात? मग मी परत म्हणाले. मोठ्यानं.’

समोरच्या दारातून स्टोव्हचा वास येत होता.

‘ते नाटक होतं ना, अक्का.’

‘नाटकच की. पण आमच्यात असं भांडणात पण कुणी बोलत नाही गं. चाळीस वर्षं एका परातीत हात घातलेली माणसं. तोंडातनं गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी तिला ये म्हणायला माझी जीभ उचलंना, आणि तिला यायला पाय.’

पंचनाम्यातली ती ओळ मी वाचली होती आणि बायकांनी साहेबाला खोटं सांगितलं, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं.

‘आज बोलवा,’ मी म्हणाले. ‘आज मी आलेय म्हणून बोलवा.’

नरसूबाईंनी जरा विचार केला. मग उठून कोपऱ्यातल्या पाण्याच्या घागरीवर झाकण म्हणून ठेवलेलं सूप उचललं, पदराने पुसलं, आणि दाराबाहेर चौकटीला टेकवलं. आत येऊन पीठ मळायला घेतलं. नेहमीपेक्षा जास्त घेतलं.

भाकऱ्या होत आल्या तेव्हा पोशव्वांचं दार उघडलं. त्या उंबऱ्यात आल्या. सूप बघितलं. बराच वेळ बघितलं.

‘बरी हायस का, पोरी?’ त्यांनी मला विचारलं.

‘बरी आहे. या ना जेवायला.’

‘माझं झालं की आत्ताच,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे स्टोव्हवर झाकलेलं पातेलं दिसत होतं. त्यातून वाफ येत होती. त्या आत गेल्या.

राजूबाई मात्र आल्या. हातात स्वतःचं ताट होतं, त्यात स्वतःचा भात आणि डाळ. ‘मी म्हटलं, बसावं जरा तुमच्यात,’ त्या म्हणाल्या आणि पलीकडे बसल्या. नरसूबाईंनी परातीकडे पाहिलं, मग फडताळातून दोन ताटं काढली. एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी. माझी जुनी जागा मोकळी होती, स्टोव्हकडे पाठ करून. मी तिथे बसले.

आम्ही जेवू लागलो. सोलापूरच्या उन्हाबद्दल, वस्तीतल्या नव्या नळाबद्दल बोलणं झालं. माझं लग्न कधी, असं राजूबाईंनी विचारलं आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. बोलता बोलता नरसूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पुंडीत बुडवला आणि न बघता डावीकडे धरला.

तो हात तसाच थोडा वेळ राहिला. राजूबाई आपल्या ताटात बघत होत्या. मीही माझ्या ताटात बघितलं. नरसूबाईंनी तुकडा परत आणून स्वतःच्या ताटात ठेवला.

‘राजू,’ त्या म्हणाल्या, ‘मीठ बरोबर हाय का तुझ्यात?’

‘बरोबर हाय,’ राजूबाई म्हणाल्या.